‘हॅव आय बीन पोन्ड’: आठ वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

बहुतेक परीक्षणे वस्तू हाती आल्यापासून आठवड्याभरात लिहिली जातात. ‘हॅव आय बीन पोन्ड’ या सेवेला तो न्याय लावता येत नाही, कारण पहिल्या दिवशी तिच्यात पाहण्यासारखे जे आहे ते दोन मिनिटांत संपते: चौकटीत आपला ईमेल पत्ता भरायचा, बटण दाबायचे आणि तो पत्ता आजवर कोणकोणत्या संकेतस्थळांच्या माहितीगळतीत सापडला आहे याची यादी वाचायची. यादी लांब असेल तर छातीत धस्स होते, रिकामी असेल तर उगाचच हायसे वाटते, आणि दोन्ही वेळा माणूस ती खिडकी बंद करून आपल्या कामाला लागतो. मी ही सेवा आठ वर्षे वापरत आहे, आणि माझे मत असे झाले आहे की तिचा सर्वांत प्रसिद्ध भाग, म्हणजे ती शोधाची चौकट, हाच तिचा सर्वांत कमी उपयोगाचा भाग आहे. खरे मोल आहे ते तिच्याकडून कधी चार महिन्यांनी तर कधी दीड वर्षाने येणाऱ्या सूचनेच्या ईमेलचे. खासगीपणा जपण्याच्या सवयी बहुधा विसरण्यामुळे मोडतात, आणि ही सूचना विसरू देत नाही.

आधी नावाचा खुलासा. ‘पोन्ड’ हा संगणकावर खेळ खेळणाऱ्यांच्या बोलीतला शब्द आहे. ‘ओन्ड’, म्हणजे पुरता ताब्यात घेतलेला, हा इंग्रजी शब्द टंकताना कळफलकावरचे शेजारचे अक्षर दाबले गेले आणि पुढे ती चूकच रूढ झाली, अशी त्याची व्युत्पत्ती सांगितली जाते. ऑस्ट्रेलियातील संगणक-सुरक्षा तज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी डिसेंबर २०१३ मध्ये ही सेवा सुरू केली. त्याच्या दोनच महिने आधी अडोबी कंपनीच्या सुमारे १५.३ कोटी खात्यांची माहिती बाहेर पडल्याचे प्रकरण गाजले होते, आणि ती गळती आजही अभ्यासण्यासारखी आहे. पासवर्ड कूटबद्ध केलेले होते, पण अशा पद्धतीने की एकच पासवर्ड ठेवणाऱ्या सर्वांच्या नावापुढे एकसारखीच कूटाक्षरे उमटत. आणि पासवर्ड आठवावा म्हणून ग्राहकांनी लिहून ठेवलेल्या खुणा मात्र साध्या मजकुरात तशाच होत्या. एकाच कूटाक्षरांपुढे अनेक लोकांनी लिहिलेल्या खुणा ओळीने वाचल्या की मूळ शब्द शब्दकोड्यासारखा सुटत असे. एखाद्या उतावळ्याने खुणेच्या जागी थेट पासवर्डच लिहून ठेवलेला असला, तर त्याच्याबरोबर तोच पासवर्ड ठेवणारे बाकीचे सगळेही उघडे पडत. आपली काळजी आपण घेतली तरी आपला खासगीपणा इतरांच्या निष्काळजीपणावर किती अवलंबून असतो, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

सेवेच्या आरंभी तिच्यात पाच गळत्यांची नोंद होती. आज ती संख्या कित्येक शेकड्यांत आहे. वैयक्तिक वापरासाठी ती विनामूल्य आहे. आपला पत्ता नोंदवायचा, त्यावर आलेल्या दुव्याने तो आपलाच असल्याची खात्री पटवायची, आणि मग विसरून जायचे. पुढे कधी नवी गळती जमा झाली आणि तिच्यात आपला पत्ता आढळला, तर ईमेल येतो. त्यात संकेतस्थळाचे नाव, गळती केव्हा झाली, आणि कोणत्या प्रकारची माहिती गेली एवढाच मजकूर असतो: पत्ता, जन्मतारीख, फोन क्रमांक, आयपी पत्ता, पासवर्ड वगैरे. आपला नेमका कोणता पासवर्ड गेला हे मात्र त्यात नसते. या गोष्टीबद्दल अनेक जण नाराजी व्यक्त करतात, आणि वरवर पाहता ती रास्त वाटते. पण ईमेल पत्ता आणि त्याचा पासवर्ड अशी जोडी ही सेवा साठवतच नाही, आणि माझ्या मते तिच्या रचनेतला हाच सर्वांत शहाणा निर्णय आहे. अशा अब्जावधी जोड्या एका जागी गोळा केल्या असत्या, तर चोरांना घरोघरी फिरण्याचे कारणच उरले नसते.

आता माझ्या वापराविषयी, कारण सेवेचे गुणदोष मला माझ्या चुकांमधूनच कळले. पहिल्यांदा पत्ता टाकला तेव्हा चार नावे समोर आली आणि त्यांपैकी एका संकेतस्थळावर आपले खाते होते हे मला आठवतसुद्धा नव्हते. घाबरून मी दोन दिवस बसलो, चाळीसेक पासवर्ड बदलले, एक पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड तयार करून जपून ठेवणारा प्रोग्राम, घेतला, महत्त्वाच्या खात्यांना द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डाबरोबर आणखी एक पुरावा मागणारी सोय) लावली आणि मोठे कृत्य केल्याच्या समाधानात झोपी गेलो. नव्याचे नऊ दिवस सरले. पुढच्या दीड वर्षात मी नवी खाती उघडताना पासवर्ड मॅनेजर उघडण्याचा कंटाळा करू लागलो, घाईच्या वेळी जुनाच शब्द शेवटचा आकडा बदलून वापरू लागलो, आणि कोणी विचारले असते तर ‘माझे सगळे नीट आहे’ असे छातीठोकपणे सांगितले असते. मग एके सकाळी सूचना आली. छायाचित्रे सुधारून देणाऱ्या एका संकेतस्थळाची माहिती गेली होती. ते खाते मी त्या दोन दिवसांच्या साफसफाईनंतर उघडले होते, आणि त्याचा पासवर्ड तोच, शेवटचा आकडा बदललेला. तेवढ्याच फरकाचे आणखी सहा पासवर्ड इतर ठिकाणी होते.

त्या सकाळी माझ्या ध्यानात आले की एकदाच केलेली मोठी साफसफाई आणि टिकणारी सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी पहिलीला दुसरी समजून बसलो होतो. दिनदर्शिकेत ‘दर तीन महिन्यांनी पासवर्ड तपासणे’ अशी नोंद करून मी पूर्वी पाहिले होते. अशी नोंद दोनदा पुढे ढकलली की तिसऱ्या वेळी ती पुसून टाकली जाते, कारण तिच्यामागे ठोस कारण नसते. या सेवेच्या सूचनेमागे कारण असते, त्यात एका खात्याचे नाव असते, आणि काम दहा मिनिटांचे असते. तेव्हापासून मी स्वतःला एवढाच नियम घातला की सूचना आली की ते खाते त्याच दिवशी पाहायचे, आणि त्याच बैठकीत ज्याची गरज उरलेली नाही असे आणखी एक जुने खाते शोधून बंद करायचे. हा नियम त्यानंतरच्या वर्षांत फारच थोड्या वेळा मोडला, आणि त्याचे श्रेय माझ्या शिस्तीपेक्षा त्या ईमेलच्या आटोपशीरपणाला अधिक आहे.

सूचना उशिरा येतात, हा या सेवेवरचा नेहमीचा आक्षेप आहे आणि तो खरा आहे. लिंक्डइनमधून २०१२ मध्ये चोरी झाली तेव्हा सुमारे ६५ लाख पासवर्डांचीच चर्चा होती. २०१६ मध्ये तीच माहिती विक्रीला आली तेव्हा पत्त्यांची संख्या १६.४ कोटींच्या घरात निघाली. ड्रॉपबॉक्सची २०१२ मधील गळतीही २०१६ मध्येच पूर्णपणे उजेडात आली आणि तिच्यात ६.८ कोटींहून अधिक खाती होती. मायस्पेसची सुमारे ३६ कोटी खाती त्याच वर्षी बाहेर आली, पण ती माहिती २००८ च्या सुमाराची होती. म्हणजे चोरी आणि सूचना यांच्यात चार ते आठ वर्षे गेली. ‘बैल गेला आणि झोपा केला’ ही म्हण इथे तंतोतंत लागू पडते, असे कोणीही म्हणेल. मी मात्र ही म्हण जरा वेगळ्या अर्थाने वाचायला शिकलो आहे: एक बैल गेला तरी गोठ्यात बाकीचे बैल असतात, आणि चोर त्याच वाटेने पुन्हा येतो. जानेवारी २०१९ मध्ये ‘कलेक्शन नंबर वन’ या नावाने जो साठा समोर आला त्यात सुमारे ७७.३ कोटी ईमेल पत्ते होते. तो कोणा एका संकेतस्थळाचा नव्हता, जुन्या अनेक गळत्यांमधील पत्ते आणि पासवर्ड यांच्या जोड्या एकत्र केलेला तो गठ्ठा होता. असे गठ्ठे यंत्राला जोडून लाखो जोड्या इतर संकेतस्थळांवर आपोआप चालवून पाहिल्या जातात. दहा वर्षांपूर्वीचा पासवर्ड दुसरीकडे कुठे जिवंत असेल, तर उशिरा आलेली सूचनाही वेळेवरच आलेली असते. आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवण्याची सवय टिकली असेल, तर उशीर झाला तरी फारसे बिघडत नाही. या सेवेचा उशीर आपल्याला किती महागात पडेल हे आपली सवय ठरवते.

पासवर्ड तपासण्याचा तिचा दुसरा विभाग ऑगस्ट २०१७ मध्ये सुरू झाला, आणि तंत्राच्या दृष्टीने तो पहिल्याहून अधिक देखणा आहे. गळत्यांमध्ये आढळलेल्या पासवर्डांचा तो निव्वळ संग्रह आहे. कोणाचा पासवर्ड हे त्यात नाही, तो किती वेळा आढळला एवढेच आहे. मनात लगेच शंका येते की आपला पासवर्ड कोणा परक्याच्या चौकटीत टंकायचा तरी कसा, आणि ही शंका यायलाच हवी. तिचे उत्तर फेब्रुवारी २०१८ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत सापडते. टंकलेल्या पासवर्डाचा चाळीस अक्षरांचा एक गणिती ठसा आपल्याच यंत्रावर काढला जातो. त्या ठशाची केवळ पहिली पाच अक्षरे सेवेकडे जातात. सेवा त्या पाच अक्षरांनी सुरू होणारे सगळे ठसे परत पाठवते, आणि आपला ठसा त्यांत आहे का हे पुन्हा आपल्याच यंत्रावर पाहिले जाते. पाच अक्षरांची शक्य रूपे दहा लाखांहून अधिक आहेत आणि त्या आवृत्तीत पासवर्ड होते पन्नास कोटींहून अधिक, त्यामुळे दर विचारणेला पावणेपाचशेच्या आसपास ठसे परत येत. आपण नेमके काय विचारले हे सेवेला कळत नाही. विचारणाऱ्याविषयी शक्य तितके कमी जाणून घेऊनही उपयोगी पडता येते, याचा हा नमुना आहे, आणि खासगीपणाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या कित्येक वस्तूंनी तो गिरवावा असे वाटते. तरीही हा विभाग मी स्वतः क्वचितच उघडतो, कारण हीच तपासणी अनेक पासवर्ड मॅनेजरांच्या आत आता बसवलेली आहे आणि ती तिथेच असणे योग्य आहे. संकेतस्थळावर जाऊन आपला चालू पासवर्ड टंकण्याची सवय लागणे चांगले नाही, मग ते संकेतस्थळ कितीही विश्वासू असो.

याच संदर्भात एक गोष्ट नोंदवतो, कारण ती न कळल्यामुळे अनेकांच्या सवयी चुकीच्या दिशेने टिकून आहेत. ठरावीक मुदतीने सर्व पासवर्ड बदलत राहावेत हा सल्ला वर्षानुवर्षे दिला गेला. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत तो मागे घेतला. सक्तीने बदलायला लावले की माणसे आकडा वाढवतात, महिन्याचे नाव जोडतात, म्हणजे मी जे केले तेच करतात. पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा तो बदलावा, आणि नवा पासवर्ड फुटलेल्यांच्या यादीत नाही ना हे पाहावे, असे त्या सूचना सांगतात. ही सेवा नेमका हा पुरावा आणि ही यादी पुरवते. त्यामुळे तिच्याभोवती बांधलेली सवय हलकी राहते. कारण नसताना काही करावे लागत नाही, आणि जी सवय हलकी असते ती टिकते.

आता दोषांकडे वळतो. सर्वांत मोठा दोष असा की त्या प्रसिद्ध चौकटीत कोणीही कोणाचाही पत्ता टाकू शकतो. आपले कोणत्या संकेतस्थळांवर खाते होते हे आपल्या वरिष्ठांना, नातेवाइकांना किंवा सोडून गेलेल्या जोडीदाराला क्षणात कळू शकते, आणि खासगीपणाच्या सेवेत ही गोष्ट विचित्रच म्हटली पाहिजे. इथे एक कबुली देतो: कुतूहलापोटी मी एकदा एका परिचिताचा पत्ता टाकून पाहिला होता, आणि जे दिसले ते निरुपद्रवी असूनही, कोणाच्या तरी टपालपेटीत हात घातल्यासारखे वाटले. सेवेच्या चालकांनाही या धोक्याची जाणीव आहे. विवाहबाह्य संबंध जुळवून देणाऱ्या अ‍ॅशली मॅडिसन या संकेतस्थळाची माहिती २०१५ मध्ये उघड झाली, तेव्हा अशा गळत्या ‘संवेदनशील’ ठरवून त्या सार्वजनिक शोधातून वगळण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. त्या केवळ पत्त्याच्या मालकालाच, पत्ता आपला असल्याची खात्री पटवल्यावर दिसतात. शिवाय आपला पत्ता सार्वजनिक शोधातून पूर्णपणे काढून घेण्याची सोय आहे. ती पुरेशी ठळक नाही, आणि ती वापरायची असते हे बहुतेकांना माहीत नसते. माझे मत विचाराल तर सूचनेसाठी नोंदणी करताना हा पर्याय तिथेच समोर ठेवायला हवा.

दुसरी मर्यादा अशी की ही सेवा माणसाला ईमेल पत्त्यावरून ओळखते, आणि गळत्या नेहमी ईमेल पत्त्यांच्या नसतात. २०२१ मध्ये फेसबुकच्या ५३.३ कोटी लोकांची माहिती फुकट फिरू लागली, तेव्हा तिच्यात जवळजवळ प्रत्येकाचा फोन क्रमांक होता, पण ईमेल पत्ते होते केवळ पंचवीस लाखांच्या आसपास. नेहमीच्या शोधात बाकीचे सगळे निर्धास्त दिसले असते, म्हणून फोन क्रमांकाने शोधण्याची खास सोय तेव्हा करावी लागली. ‘आपला पत्ता सापडला नाही’ या हिरव्या उत्तराचा अर्थ यावरून समजून घ्यावा. या सेवेपर्यंत पोहोचलेल्या गळत्यांत तो पत्ता आढळला नाही, एवढेच ते उत्तर सांगते; जे चोरीला गेले आणि चोरांनी स्वतःपाशीच ठेवले, त्याबद्दल ते काही सांगू शकत नाही. त्याच कारणाने, दर महिन्याला येऊन चौकटीत पत्ता टाकून पाहणाऱ्यांची मला काळजी वाटते. त्यात समाधान मिळते, कृती काहीच होत नाही, आणि समाधानाची सवय लागते.

प्रत्येक संकेतस्थळाला वेगळा ईमेल पत्ता देण्याची शिस्त पाळणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. नावापुढे अधिकचिन्ह आणि खुणेचा शब्द जोडून केलेला प्रत्येक पत्ता ही सेवा स्वतंत्र मानते, त्यामुळे असे शंभर पत्ते असतील तर शंभर वेळा नोंदणी करण्याची वेळ येते. स्वतःचे डोमेन, म्हणजे ईमेल पत्त्यात @ च्या पुढे येणारे स्वतःचे नाव, असलेल्यांना मात्र त्यावरचे सर्व पत्ते एकदम पाहण्याची सोय आहे. वेगळ्या पत्त्यांचा फायदा मोठा आहे: सूचना यायच्या आधीच, भलत्याच माणसाचे पत्र त्या पत्त्यावर येऊ लागले की गळती कुठून झाली ते कळते.

अलीकडच्या काळात या सेवेत एका निराळ्या प्रकारच्या माहितीची भर पडली आहे आणि तिच्याकडे गंभीरपणे पाहायला हवे. संकेतस्थळ फोडून नव्हे, तर वापरकर्त्याच्याच संगणकात शिरलेल्या घातक प्रोग्रामने ब्राउझरमध्ये जतन केलेले पासवर्ड उचलून नेलेले असतात, आणि त्या नोंदींचे साठे विकले किंवा वाटले जातात. फेब्रुवारी २०२५ मध्ये अशा एका साठ्यातील २८.४ कोटी पत्ते इथे जमा झाले. अशी सूचना आली असता नेहमीप्रमाणे एक पासवर्ड बदलून भागत नाही. यंत्र स्वच्छ न करता पासवर्ड बदलले तर नवे पासवर्डही त्याच वाटेने जातात, म्हणून आधी दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून मुख्य ईमेलचा पासवर्ड बदलावा, सर्व ठिकाणची चालू सत्रे (उघडी राहिलेली लॉगिन) बंद करावीत, आणि मगच बाकीच्या खात्यांकडे वळावे. ज्याचे आजवरचे सर्व अनुभव साध्या गळत्यांचे आहेत, तो ही सूचनाही तशीच दहा मिनिटांत उरकून मोकळा होण्याचा संभव आहे.

या सगळ्याचा डोलारा दीर्घकाळ एका माणसाच्या खांद्यावर होता, ही बाब मला अनेक वर्षे खटकत असे. जून २०१९ मध्ये हंट यांनी ही सेवा विकण्याचा मनोदय जाहीर केला आणि मार्च २०२० मध्ये तो सोडून दिला. त्या मधल्या महिन्यांत, आपण सूचनेसाठी दिलेले पत्ते उद्या कोणाच्या हाती जातील, या विचाराने मी नोंदणी रद्द करण्यापर्यंत आलो होतो. पुढे पासवर्ड विभागाची संगणकीय संहिता २०२१ मध्ये सर्वांसाठी खुली करण्यात आली, आणि अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेला तपासात सापडलेले पासवर्ड त्यात जमा करता येतील अशी व्यवस्थाही जाहीर झाली. संहिता खुली झाली म्हणून साठा सुरक्षित झाला असे होत नाही, पण निदान पासवर्ड तपासताना आत काय चालते हे जाणकारांना पाहता येते.

माझा विश्वास खऱ्या अर्थाने बसला तो मात्र मार्च २०२५ मधल्या एका फजितीमुळे. प्रवासाने थकलेले असताना हंट स्वतःच एका बनावट ईमेलला फसले, आणि त्यांच्या लेखनाच्या वर्गणीदारांची, पत्रे पाठवणाऱ्या मेलचिंप या सेवेत ठेवलेली सुमारे १६ हजार पत्त्यांची यादी चोरीला गेली. त्यांनी काही तासांतच ते जाहीर केले आणि ती यादी आपल्याच सेवेत इतर गळत्यांच्या रांगेत नोंदवली. त्या यादीत वर्गणी रद्द करून गेलेल्या हजारो लोकांचे पत्तेही होते. गळत्यांची नोंद ठेवणे हाच ज्याचा व्यवसाय, तोही फसू शकतो, आणि आपण निघून गेलो असे ज्यांना वाटले होते त्यांचे पत्तेही मागे उरलेले असतात, या दोन्ही गोष्टी त्या एका नोंदीत आहेत. मी त्यानंतर माझ्या नियमात छोटी दुरुस्ती केली: सूचनेच्या ईमेलमधला दुवा कधीही दाबायचा नाही, ती कितीही खरी वाटली तरी संबंधित संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टंकूनच आत जायचे. घाबरलेल्या माणसाला फसवणे सर्वांत सोपे असते, आणि गळतीची सूचना हे घाबरवण्याचेच निमित्त आहे.

सूचनेतला जो भाग लोक वाचत नाहीत, तोच मला हळूहळू सर्वांत मोलाचा वाटू लागला आहे. ‘कोणत्या प्रकारची माहिती गेली’ ही ती ओळ. पासवर्ड दोन मिनिटांत बदलता येतो. जन्मतारीख बदलता येत नाही, फोन क्रमांक बदलणे जिकिरीचे असते, आणि ‘आईचे माहेरचे आडनाव’ या सुरक्षा-प्रश्नाचे उत्तर तर जन्मभर तेच राहते. मी एक साधी वही केली आहे, तिच्यात प्रत्येक सूचनेसाठी चार रकाने आहेत: संकेतस्थळ, गळतीचे वर्ष, काय गेले, काय बदलायचे. पहिल्या काही पानांवरचा ‘काय गेले’ हा रकाना वाचला की स्वतःचीच लाज वाटते, कारण एखादे चित्र लहान-मोठे करून देणाऱ्या संकेतस्थळाला मी खरी जन्मतारीख आणि राहण्याचा पत्ता का दिला होता याचे उत्तर माझ्यापाशी नाही. त्या वहीमुळे देण्याची सवय बदलली. जिथे कायद्याने किंवा व्यवहाराने खरी जन्मतारीख लागत नाही तिथे मी खोटी देतो. सुरक्षा-प्रश्नांना निरर्थक अक्षरांची उत्तरे देऊन ती पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवतो. आणि ऐच्छिक चौकटी रिकाम्या सोडतो. हे या सेवेने मला कुठेही सांगितलेले नाही. न बदलता येणारी माहिती कोणती हे सूचनेत वेगळ्या रंगाने दाखवले असते, तर कदाचित मी हे चार वर्षे आधीच सुरू केले असते, आणि सेवेत एखादी सुधारणा सुचवायची झाल्यास मी हीच सुचवेन.

ज्यांच्याकडे पासवर्ड मॅनेजर नाही त्यांनी आधी तो घ्यावा आणि मग इथे नोंदणी करावी. क्रम उलटा झाला तर सूचना येत राहतील आणि बदललेले पासवर्ड ठेवायला जागा नसेल. घरातील जी वडीलधारी माणसे स्वतः हे करणार नाहीत, त्यांच्या संमतीने त्यांचे पत्ते नोंदवून द्यावेत आणि सूचना आली की त्यांनी आपल्याला सांगावे एवढेच ठरवून घ्यावे. ब्राउझरकडून किंवा पासवर्ड मॅनेजरकडून याच माहितीवर आधारलेल्या सूचना आधीच मिळत असतील, तर स्वतंत्र नोंदणीने फार मोठी भर पडेल असे नाही, मात्र संवेदनशील गळत्या पाहण्यासाठी ती उपयोगी पडते.

शेवटची सूचना मला गेल्या महिन्यात आली. सहा वर्षांपूर्वी मी बंद केलेल्या एका खात्याची माहिती गेली होती. खाते बंद झाल्याचे पत्रही मला तेव्हा मिळाले होते, तरी माहिती तिथेच होती. मी वही काढली आणि रकाने भरले. ईमेल पत्ता केवळ त्या एका संकेतस्थळासाठी केलेला होता आणि तो मी केव्हाच बंद केला होता. पासवर्ड यंत्राने तयार केलेला, दुसरीकडे कुठेही न वापरलेला. जन्मतारीख खोटी. ‘काय बदलायचे’ या रकान्यात त्या दिवशी मी पहिल्यांदाच आडवी रेघ ओढली.